चॅप्टरच्या ठरावाला उत्तर द्या : नवाहो नेशन कौन्सिलला खुले पत्र

प्रति,
मा. सभापती व सर्व सन्माननीय प्रतिनिधी, नवाहो नेशन कौन्सिल,
तसेच मा. अध्यक्ष, नवाहो नेशन,
विंडो रॉक, ॲरिझोना.

महोदया, महोदय,

मी न्यू मेक्सिकोतील गॅलप येथे राहणारा मराठी भाषक असून पेशाने पाणीपुरवठा अभियंता आहे. नवाहो नेशनचा मी सदस्य नाही आणि आपल्या निवडणुकीत मला मत नाही. त्यामुळे आपण कोणता निर्णय घ्यावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही, याची जाणीव ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. मात्र कामाच्या निमित्ताने मला आपल्या चॅप्टरांच्या, म्हणजे स्थानिक सभांच्या, चॅप्टर हाऊसमधील बैठकांना पाहुणा म्हणून बसता आले, आणि तेथे जे कानावर पडले ते बहुतांशी निर्णय कसे होतात याविषयीचे होते. तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. पत्र मराठीत लिहून त्याची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयांकडे धाडत आहे, कारण ग्रामसभेने केलेला ठराव वरच्या कचेरीत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न माझ्या मराठी वाचकांना नवा नाही.

माझी विनंती अशी आहे की, चॅप्टरने मंजूर करून विंडो रॉकला, म्हणजे आपल्या राजधानीला, पाठवलेल्या प्रत्येक ठरावाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. आणि जमीन, पाणी किंवा खनिज यांविषयीच्या कोणत्याही करारावर, अगदी प्राथमिक सामंजस्य करारावरही, सही होण्यापूर्वी त्या जमिनीवर प्रत्यक्ष राहणाऱ्या आणि गुरे चारणाऱ्या लोकांना तो करार नवाहो भाषेत समजावून सांगितला जावा व त्यांचे म्हणणे नोंदवले जावे.

मराठी वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. नवाहो नेशन म्हणजे अमेरिकेतील नवाहो या मूळनिवासी जमातीचे स्वतःचे शासन. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला नवाहो नेशनचा प्रदेश सुमारे 71 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे मराठवाड्याहून मोठा आहे. नोंदणीकृत सदस्य सुमारे चार लाख. त्यांतील निम्म्याहून कमी लोक या प्रदेशात राहतात, बाकीचे फिनिक्स, अल्बुकर्की यांसारख्या शहरांत किंवा आणखी दूर. या प्रदेशाचे 110 चॅप्टर आहेत. चॅप्टर म्हणजे स्थानिक सभा आणि तिचे कार्यालय. तिचे निवडून आलेले पदाधिकारी असतात, चराईचे प्रश्न पाहणारा अधिकारी असतो, आणि सभेचा कोरम साधारणपणे पंचवीस नोंदणीकृत सदस्यांचा असतो. ज्याला आपल्याकडे ग्रामसभा म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही संस्था आहे. फरक एवढाच की एखाद्या सभासदाला तेथे पोहोचायला कच्च्या रस्त्याने तास-दीड तास गाडी हाकावी लागते आणि पाऊस पडला की तो रस्ता चिखलात जातो.

आपल्या कौन्सिलचा आणि चॅप्टरांचा जन्म कसा झाला, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तरीही त्याचा उल्लेख करतो, कारण आजच्या अडचणीचे मूळ मला तेथे दिसते. शिपरॉकजवळ तेल सापडल्यानंतर त्याच्या भाडेपट्ट्यांवर सह्या करायला कोणीतरी अधिकृत हवे, या वॉशिंग्टनच्या गरजेतून 1923 मध्ये पहिली ट्रायबल कौन्सिल बसवण्यात आली आणि हेन्री ची डॉज तिचे पहिले अध्यक्ष झाले. चॅप्टरांची सुरुवात 1927 मध्ये ल्यूप येथे जॉन हंटर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने केली, तीही शेती आणि गुरांविषयी लोकांशी बोलता यावे म्हणून. म्हणजे दोन्ही संस्था बाहेरच्यांनीच आणलेल्या. परंतु एक सही करण्यासाठी आणि दुसरी बोलण्यासाठी. पुढे 1930 च्या दशकात, मूळनिवासींचे केंद्रीय खाते सांभाळणाऱ्या जॉन कॉलियर यांच्या काळात मेंढ्या-शेळ्या सक्तीने कमी करण्यात आल्या, तेव्हा चॅप्टरांतून विरोधाचा आवाज उठला आणि सरकारने चॅप्टरांना दिलेला आपला पाठिंबा काढून घेतला. तरी लोक जमत राहिले. माझ्या मते आपल्या राजकारणातली सर्वांत चिवट संस्था कोणती असेल, तर ती चॅप्टर आहे.

विंडो रॉकच्या कारभारात त्यानंतर मोठे बदल झाले. तत्कालीन अध्यक्ष पीटर मॅकडोनाल्ड यांना कौन्सिलने दूर केल्यावर झालेल्या 1989 च्या उलथापालथीत दोन माणसे मेल्यानंतर कायदा बदलून सत्तेच्या तीन शाखा वेगळ्या करण्यात आल्या, आणि 1991 मध्ये पीटरसन झा नव्या व्यवस्थेतले पहिले अध्यक्ष झाले. 1998 च्या स्थानिक शासन कायद्याने चॅप्टरांना स्वतःचे काही अधिकार वापरण्याची वाट खुली केली. शाँटो हे त्या वाटेने गेलेले पहिले चॅप्टर. 2009 च्या डिसेंबरमध्ये मतदारांनी प्रतिनिधींची संख्या 88 वरून 24 वर आणली. मतदारांच्या त्या रागाची कारणे मी समजू शकतो. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की एका प्रतिनिधीकडे सरासरी चार-पाच चॅप्टर आले, काहींकडे त्याहून अधिक. प्रत्येक चॅप्टरची महिन्याची नियोजन सभा, नियमित सभा, शिवाय विंडो रॉकमधील समित्यांच्या बैठका आणि त्यांतील अंतरे यांचा हिशेब मांडला, तर एका माणसाने हे सर्व सांभाळणे अशक्य आहे, आणि सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला बळी जातो तो प्रतिनिधीच्या अहवालाचा.

पूर्वेकडील एका चॅप्टरच्या सभेत जे पाहिले ते येथे नोंदवतो. पंचवीसवा माणूस येईपर्यंत सभा अडली होती. घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसलेले लोक पावसाविषयी आणि कुणाच्या तरी ट्रकच्या बिघाडाविषयी बोलत होते, आणि मागच्या स्वयंपाकघरात मटणाचा रस्सा उकळत होता. कोरम झाल्यावर एक आजी पुढे आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली, चॅप्टरचा शिक्का असलेली ठरावाची प्रत होती. रस्त्यालगत आलेली जलवाहिनी त्यांच्या आणि शेजारच्या काही घरांपर्यंत न्यावी, असा तो ठराव त्याच सभागृहात पूर्वी मंजूर झाला होता. नळ द्या, असे त्या म्हणाल्या नाहीत. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला समजावून सांगितले ते असे की, हा कागद विंडो रॉकला पोहोचला का आणि तेथे कोणी वाचला का, एवढेच त्या विचारत आहेत. चॅप्टरच्या सचिवांकडे सांगण्यासारखे काही नव्हते, आणि प्रतिनिधी समितीच्या कामात गुंतलेले होते. सभा पुढच्या विषयाकडे वळली. अभियंता म्हणून मला ठाऊक आहे की काही घरांपर्यंत वाहिनी नेणे खरोखरच परवडत नाही, कारण पाइपात पाणी साचून राहिले तर त्याची गुणवत्ता टिकत नाही. तसे असेल तर तसे उत्तर देता येते. आजींना ते उत्तर आवडले नसते, पण टाकी बांधावी, पाणी ट्रकने आणत राहावे की मुलाच्या घरी राहायला जावे, हे तरी त्यांना ठरवता आले असते.

लोकांना न विचारता केलेला करार किती महाग पडतो, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. कोलोरॅडो आणि लिटल कोलोरॅडो या नद्यांच्या संगमावर, ग्रँड कॅन्यनच्या तळापर्यंत पर्यटकांना उतरवणारा रोपवे आणि वर हॉटेले-दुकाने असा प्रकल्प स्कॉट्सडेलच्या एका विकासक गटाने मांडला होता. 2012 मध्ये तत्कालीन अध्यक्ष बेन शेली यांनी त्यासाठी सामंजस्य करार केला. बोडावे-गॅप चॅप्टरमध्ये आधी विरोधाचे ठराव झाले, मग त्याच वर्षी 59 विरुद्ध 52 मतांनी पाठिंब्याचा ठराव झाला, आणि त्या सात मतांच्या जोरावर प्रकल्प ‘लोकांनी मान्य केलेला’ म्हणून मिरवला गेला. ज्यांचे चराईचे परवाने त्या कड्यावर होते आणि ज्यांच्या पूर्वजांची पूजास्थाने त्या संगमावर होती, त्या कुटुंबांनी हार मानली नाही. ती बाजारांत आणि मेळ्यांत टेबले मांडून बसली, इतर चॅप्टरांत गेली, विंडो रॉकच्या समित्यांपुढे उभी राहिली. नवाहो नेशनने रस्ता, वीज, पाणी यांवर 65 दशलक्ष डॉलर घालावेत, असे विधेयक कौन्सिलपुढे आले आणि 31 ऑक्टोबर 2017 रोजी आपल्याच कौन्सिलने ते 16 विरुद्ध 2 मतांनी फेटाळले. निर्णय योग्य झाला असे मला वाटते, पण तो सांगण्याचा अधिकार माझा नाही. माझा मुद्दा पाच वर्षांचा आहे. 2012 मध्ये सहीपूर्वी त्या कुटुंबांच्या उंबऱ्यावर कोणी गेले असते, तर ही पाच वर्षे, आणि एका चॅप्टरमध्ये नातलगांत पडलेली ती फूट, वाचली असती.

चाकोचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि तेथे कोणतीही एक बाजू सरळ नाही. न्यू मेक्सिकोतील चाको कॅन्यन या प्राचीन अवशेषांच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती तेल-वायूच्या नव्या भाडेपट्ट्यांना बंदी असलेला पट्टा असावा, या मागणीला कौन्सिलने 2020 मध्ये पाच मैलांपर्यंत संमती दिली होती. अंतर्गत व्यवहार खात्याच्या मंत्री डेब हालंड यांनी 2023 च्या जूनमध्ये दहा मैलांच्या पट्ट्यातील सुमारे 3 लाख 36 हजार एकर केंद्रीय जमीन 20 वर्षांसाठी बंद केली, आणि त्यापूर्वीच कौन्सिलने आपली पाच मैलांची संमतीही मागे घेतली होती. वैयक्तिक वाटपाच्या जमिनी, म्हणजे पूर्वी केंद्राने एकेका नवाहो व्यक्तीच्या नावे वाटून दिलेल्या आणि आज वारसांकडे असलेल्या जमिनी, या आदेशातून वगळलेल्या आहेत, हे खरे; पण त्या केंद्रीय जमिनींच्या मधोमध बुद्धिबळाच्या पटासारख्या विखुरलेल्या असल्याने, भोवतालचे घर बंद झाले की आपल्या घरातले तेलही कोणी काढायला येत नाही, असे वाटपधारकांचे म्हणणे आहे. स्वामित्वशुल्काच्या धनादेशावर म्हाताऱ्या आईवडिलांचे घर चालते, असे सांगणारी माणसे मला नागीझीच्या बाजूला भेटली. आणि काउन्सेलर, ओहो एन्सिनो, टोरियन या भागात तेलविहिरींच्या धुराने आणि ट्रकांच्या वर्दळीने हैराण झालेली, खोदकाम थांबवा म्हणणारी माणसेही नवाहोच आहेत. जून 2023 मध्ये या आदेशाच्या उत्सवासाठी चाकोला येणाऱ्या मंत्र्यांचा रस्ता अडवला गेला, आणि 2025 च्या जानेवारीत नवाहो नेशनने तो आदेश न्यायालयात नेला. वाटपधारक आणि धुराने त्रासलेली कुटुंबे या दोघांना एका सभागृहात बसवून, दोघांचेही पूर्ण ऐकून, मग पाच मैल की शून्य मैल हे ठरवण्याचे काम वॉशिंग्टनने केले नाही. पण 2020 मध्ये संमती देताना आणि 2023 मध्ये ती काढून घेताना विंडो रॉकने तरी ते पुरेसे केले होते का, हा प्रश्न मी पूर्वेकडील सभांत दोन्ही बाजूंकडून ऐकला आहे.

याउलट जेथे खालून आलेला आवाज वर टिकला, तेथे काय साधते हेही आपण दाखवून दिले आहे. साखरेची पेये आणि चटपटीत पाकीटबंद खाद्यांवर दोन टक्के जादा कर लावण्याची कल्पना स्वयंसेवकांच्या एका गटाने चॅप्टरा-चॅप्टरांत नेली. नकाराधिकार वापरला गेला, तरी ते पुन्हा आले, आणि 2014 च्या अखेरीस तो कायदा झाला. त्या कराचा पैसा 110 चॅप्टरांकडे आरोग्याच्या कामांसाठी जातो, आणि तो कशावर खर्चायचा हे चॅप्टर ठरवते. नवाहो प्रदेशातील ब्लॅक मेसा या पठारावर पाणी उपसून वीज साठवणाऱ्या प्रकल्पांना 2024 च्या फेब्रुवारीत केंद्रीय ऊर्जा आयोगाने परवाना नाकारला. आणि ज्या जमातीच्या जमिनीवर प्रकल्प आहे ती जमात विरोधात असेल तर यापुढे प्राथमिक परवाना देणार नाही, असे धोरणच जाहीर केले. नवाहो नेशनचा विरोध आयोगाने ऐकला, याचे आपण स्वागत केले. मग नेशनने वॉशिंग्टनकडे जी अपेक्षा केली, तीच चॅप्टरने नेशनकडे केली तर ती अवास्तव कशी?

मी ज्या गडचिरोली जिल्ह्यातून आलो, तेथील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे, म्हणून एवढाच एक दाखला देतो. गावात अभ्यासगट आधी विषय समजून घेतो, हवे तर बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. बहुमताने विषय उरकला जात नाही. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. मेंढा लहान गाव आहे आणि त्याच जिल्ह्यात खाणींच्या बाबतीत ग्रामसभांचे काय चालते, हे पाहता आम्ही कुणाला धडे द्यावेत अशी आमची स्थिती नाही. तरीही अभ्यास आधी आणि हात वर करणे नंतर, हा क्रम घेण्यासारखा आहे. आपल्या परंपरेतही नाचिदसारख्या सभांत नेते दिवसचे दिवस बसून बोलत असत. हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

आता पाण्याविषयी, ज्यासाठी प्रामुख्याने हे पत्र लिहीत आहे. आपल्या घरांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळाचे पाणी नाही. 22 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला की अमेरिका व नवाहो यांच्यातील 1868 च्या तहानुसार नवाहोंसाठी पाण्याची सोय करण्यास पुढाकार घेण्याचे बंधन केंद्र सरकारवर नाही. त्यानंतर 2024 च्या मे महिन्यात कौन्सिलने ईशान्य ॲरिझोनाच्या जलहक्कांचा समझोता एकमताने मंजूर केला. होपी आणि सॅन हुआन सदर्न पायूट या शेजारच्या जमातींसह झालेला हा समझोता सुमारे 5 अब्ज डॉलरचा आहे. त्यात कोलोरॅडो नदीवरील लेक पॉवेल जलाशयातून पाणी आणणाऱ्या मुख्य जलवाहिनीसाठीच सुमारे 1.7 अब्ज डॉलर आहेत. आणि तो अमलात येण्यासाठी काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कायदा लागतो. पत्र लिहिताना माझ्या मनात आहे ती त्यापुढची पायरी, म्हणजे पैसा येण्याची वेळ. कोणत्या चॅप्टरपर्यंत वाहिनी पाचव्या वर्षी जाणार आणि कोणत्याला पंधरा वर्षे थांबावे लागणार, कोणत्या वस्तीला वाहिनी मिळेल आणि कोणत्या वस्तीला विहीर व टाकीवरच भागवावे लागेल, हे ठरवणारी यादी अभियंते बनवतील. मी स्वतः त्या व्यवसायात आहे. आम्ही लोकसंख्या, उंची, पाइपाचा व्यास आणि प्रतिघर खर्च पाहतो. ज्या घरात आज कोणी राहत नाही पण पाणी आले तर फिनिक्सहून परत येणार आहे, ते घर आमच्या नकाशावर नसते. नवाहो-होपी जमीनवादामुळे केंद्राने घातलेल्या बांधकामबंदीमुळे, म्हणजे बेनेट फ्रीझमुळे, 1966 ते 2009 अशी 43 वर्षे ट्यूबा सिटीच्या परिसरात घराला नवी खोली जोडायलाही परवानगी नव्हती. तेथल्या लोकसंख्येचे आजचे आकडे घेऊन उद्याच्या वाहिन्या आखल्या, तर त्या बंदीची शिक्षा पुन्हा एकदा त्यांनाच होईल. हे आकड्यांतून दिसत नाही. ते चॅप्टरमध्ये कळते.

महामारीनंतर केंद्राकडून आलेल्या सुमारे 2.1 अब्ज डॉलरच्या वेळी काय झाले, ते आपल्याला आठवत असेलच. 2024 अखेरपर्यंत निधी बांधील करण्याची, म्हणजे तो कोणत्या कामाला जाणार हे करारांनी पक्के करण्याची, मुदत होती. चॅप्टरांनी न्हाणीघरे, वीजतारा आणि जलवाहिन्यांच्या याद्या पाठवल्या. आणि त्यानंतर परवानग्या, निविदा व मनुष्यबळ यांच्या अडचणींत मोठा भाग अडकून पडला. मुदत बाहेरून आलेली होती, हे मान्य. नेमके म्हणूनच पुढच्या मुदतीची वाट न पाहता, समझोत्याचा कायदा होण्याआधीच चॅप्टरांशी बोलणे सुरू व्हायला हवे.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे. 110 चॅप्टरांना विचारत बसलो तर काही होणारच नाही. कोरम जमत नाही. आणि सभेला येणारे पंचवीस लोक म्हणजे चॅप्टर नव्हे, तेथेही मोठ्या कुटुंबांचा वरचष्मा असतो. यातील काहीच खोटे नाही. बोडावे-गॅपचे 59-52 हेच सांगते की केवळ चॅप्टरचे मत मोजणे पुरेसे नाही. म्हणूनच चराईचे परवानाधारक, वाटपधारक आणि त्या ठिकाणी घर असलेली कुटुंबे यांचे म्हणणे मतांच्या आकड्यापासून वेगळे नोंदवले जावे, आणि कौन्सिलपुढे ठराव येताना ते सोबत जोडलेले असावे. महामारीत चॅप्टरांनी दूरध्वनीवर आणि ऑनलाइन सभा घेतल्या. शहरांत राहणाऱ्या सदस्यांसाठी ती सोय चालू ठेवता येईल. नवाहो नेशनचे केटीएनएन 660 हे रेडिओ केंद्र अजूनही ट्रकांत आणि मेंढवाड्यांत ऐकले जाते. जलसमझोत्याचा मसुदा कलमवार, प्रश्नोत्तरांसह, नवाहो भाषेत त्यावर मांडला तर चॅप्टर हाऊसपर्यंत येऊ न शकणाऱ्यांनाही तो कळेल.

1951 मध्ये कौन्सिलवर निवडून आलेल्या ॲनी डॉज वॉनेका यांच्याकडे क्षयरोगाचे काम आले, तेव्हा त्या आधी स्वतः दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत जाऊन तो आजार समजून घेऊन आल्या, मग होगनाहोगनांत, म्हणजे पारंपरिक नवाहो घराघरांत, जाऊन लोकांना त्यांच्या भाषेत सांगू लागल्या, आणि वैद्यकीय शब्दांना नवाहो प्रतिशब्द घडवण्याचे काम त्यांनी केले. त्यांच्या काळी रस्ते आजच्यापेक्षा वाईट होते.

तेव्हा माझी आपल्याला अशी विनंती आहे की, येत्या नियमित अधिवेशनात एक साधा ठराव करावा. चॅप्टरकडून आलेल्या प्रत्येक ठरावाची पोहोच तीस दिवसांत आणि कारणांसह लेखी उत्तर नव्वद दिवसांत दिले जावे. ती उत्तरे चॅप्टर हाऊसच्या सूचनाफलकावर लावली जावीत. आणि जलवाहिन्यांच्या अग्रक्रमाची यादी कौन्सिलच्या टेबलावर येण्यापूर्वी ती नकाशांसह प्रत्येक संबंधित चॅप्टरमध्ये किमान दोन सभांत, नवाहो भाषेत मांडली जावी. त्या सभांत नकाशे समजावून सांगण्यासाठी अभियंत्यांची गरज पडेल; माझ्यासारखे जे कोणी त्यासाठी विनामूल्य यायला तयार आहेत, त्यांची नावे मी सोबतच्या इंग्रजी पत्रात कळवीत आहे.

आपला नम्र,
एक मराठी पाणीपुरवठा अभियंता,
गॅलप, न्यू मेक्सिको.